पाणी वाहिलं का?

प्रिय आत्यास,

तुझ्या भाच्याचा प्रभूमध्ये सलाम. गुडघे कसे आहेत? इकडे सगळे मजेत (म्हणजे एकमेकांशी बोलत नाहीत). बाळ मात्र खरंच मजेत आहे.

रविवारी हिच्या चर्चमध्ये बाळाचा बाप्तिस्मा ठरलाय. आपल्या मंडळीत माणूस मोठा होऊन स्वतः विश्वास कबूल करतो, मगच त्याला पाण्यात बुडवतात, हे तुला मी काय सांगणार! पण हिचं माहेर कॅथलिक, म्हणून मी हो म्हटलं. बाबा भडकले. तान्ह्याचा कसला बाप्तिस्मा, नुसतं डोकं ओलं करायचं, मी येणार नाही म्हणाले.

त्यात सासूबाईंनी फादरांपुढे तोंड उघडलं. जन्मल्यावर बाळ श्वासासाठी झगडत होतं, तेव्हा यांनी वॉर्डातच बाटलीतल्या पाण्याने त्याचा बाप्तिस्मा उरकला होता! (जिवावर बेतलं तर त्यांच्यात कुणीही देऊ शकतं.) फादर म्हणाले, डोक्यावरून पाणी वाहिलं असेल आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा ही नावं घेऊन शब्द नीट म्हटले असतील, तर तो झाला, पुन्हा देता येत नाही. पाणी वाहिलं का? सासूबाई म्हणतात, हात एवढा थरथरत होता की ओलं बोट तेवढं टेकलं. (मग दुपटं चिंब कसं झालं? नर्स माझ्यावर खेकसली होती.) लोकांचे नळ दुरुस्त करून पोट भरणारा मी, आणि माझ्याच घरात पाणी वाहिलं की नाही याचा पत्ता लागेना.

आता फादर ‘आधी झाला नसेल तर’ असं म्हणून बाप्तिस्मा देणार. हे ऐकून बाबा आणखीच बिथरलेत. ही रडतेय. मला धर्मशास्त्र कळत नाही गं. नातवाच्या दिवशी आजोबा घरी बसून राहतील, एवढीच धास्ती आहे.

तुझा,
नळवाला

ता. क. खरं काम हे की, तू ये आणि बाबांना चार शब्द सुनाव. ते तुलाच घाबरतात.

ता. क. पुन्हा. सुनावू नकोस. आत्ताच बाबा मोरीत आले, मी नळ खोलून बसलो होतो. खाली बघत म्हणाले, “फादरना सांग, पाणी चांगलं वाहिलं. विहीणबाई औषध आणायला गेल्या होत्या. बाळ निळं पडत होतं रे. तिन्ही नावं घेतली मी.” मला रडूच आलं. रविवारी साक्ष द्यायला येतायत. हे तुला कळवायचं नाही असं बजावलंय, तेव्हा येशील ती काहीच माहीत नसल्यासारखी ये.