चालत्या शिडीचे रीळ दादाकडे

मी, खाली सही करणारी, वय सेहेचाळीस, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोंदी ठेवते. हे माझे मृत्युपत्र. माझे डोके ठिकाणावर आहे आणि मला कोणी भरीस घातलेले नाही. ठिकाणावर आहे हे माझे मीच कसे ठरवावे, म्हणून डॉक्टरांना साक्षीला बसवले आहे.

१. दोन खोल्यांचे घर आणि बँकेतील शिल्लक नवऱ्याची. पलंगाखाली रिळाचा डबा ठेवू दिला, हे पाहता तो याहून जास्त मिळण्यास पात्र आहे.

२. तो डबा माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा. त्यात अकरा मिनिटांचा मूक विनोदी चित्रपट आहे: एक रंगारी आणि त्याची चालू लागणारी शिडी. आमच्या माहितीत दुसरी प्रत कुठेही नाही. बाबा तो हाताने फिरवायच्या प्रोजेक्टरवर दाखवत. लोक हसू लागले की हात संथ करत, म्हणजे पुढची गंमत हसण्यात बुडत नसे. ती हातोटी दादाने उचलली. मी फिरवते घड्याळासारखी. लोक जांभया देतात.

३. तरीही बाबांमागे डबा मी अडवून ठेवला. रंगारी शिडीवर दिसतो आणि एकदम रंगाच्या पिंपात. मधले पडणे गायब आहे. ते दादाने कापले, असे मी चारचौघांत म्हणाले. नऊ वर्षे अबोला. गेल्या महिन्यात या कागदासाठी डायऱ्या चाळताना माझे बाराव्या वर्षीचे अक्षर सापडले: ‘फीत फाटली. फाटका भाग कापून जोडली. बाबांना सांगितले नाही.’ डायरी घेऊन दादाकडे गेले. त्याने पान दोनदा वाचले.

“एवढं लिहून ठेवतेस, मग वाचत का नाहीस गं कधी?” म्हणाला, आणि चहाचे आधण ठेवले.

४. फितीला आंबूस वास येऊ लागला आहे, म्हणजे ती खराब होत चालली आहे. आधी तिची प्रत करून चित्रपट-संग्रहालयाला द्यावी. मूळ रीळ चालेल तोवर दादाने वर्षातून एकदा भरल्या खोलीत फिरवावे. रिकाम्या खोलीत हात कुठे संथ करायचा, हे त्यालाही कळणार नाही.

५. दादाला साक्षीदार व्हायचे होते. ज्याला काही मिळते त्याने साक्ष घालू नये, असे वकीलबाई म्हणाल्या. “मग डबा आत्ताच दे की,” दादा म्हणाला. दिला. दुसरे कलम त्यामुळे रद्द. चौथे विनंती म्हणून राहील.

स्थळ: राहते घर
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२३
सही: लिहिणारी

साक्षीदार:
१. डॉक्टर
२. दादा