फाडलेल्या ताळेबंदाबाबत

प्रति,
मा. विभागीय सचिव,
उच्च माध्यमिक परीक्षा,
विभागीय कार्यालय, पुणे.

अर्जदार : ज्योतिबा मारुतराव देवकाते, रा. वरवंड, ता. दौंड, जि. पुणे.

विषय : कु. सुषमा ज्योतिबा देवकाते, इयत्ता बारावी वाणिज्य, हिने पुस्तपालनाची उत्तरपत्रिका फाडली तो गैरमार्ग नसून सराव असल्याबाबत.

संदर्भ : १) आपली कारणे दाखवा नोटीस. २) आपल्या कार्यालयात झालेली सुनावणी, जिथे अर्जदारास पुरते बोलू दिले नाही.

महोदय,

सदर मुलीची संपूर्ण परीक्षा रद्द करून तिला पुढील परीक्षेसही बसू देऊ नये असे आपल्या कार्यालयात घाटत असल्याचे समजले. निर्णयावर सही होण्याआधी मुलीच्या बापाचे म्हणणे एकदा नीट वाचले जावे म्हणून अर्जदार नम्रपणे, पण काही हातचे न राखता, पुढीलप्रमाणे मांडत आहे.

१. अर्जदार हा शिरूर तालुक्यातील एका कारखान्यात माल तपासणी विभागात नोकरीस आहे. वरवंडहून कंपनीची बस धरतो, आजवर एकदाही बस चुकलेली नाही. त्याच्या खात्यात कायदा सरळ आहे. माल मापात बसला तर पुढे, नाही बसला तर लाल पेटीत. मापाबद्दल नुसता संशय आला तरी लाल पेटीत. लाल पेटीतला माल कोणी घासूनपुसून परत आणत नाही, तो थेट भंगारात जातो. अर्जदाराने आपल्या दोन्ही मुली, थोरली सुषमा आणि धाकटी शितल, याच शिस्तीत वाढवल्या. घरात लाड करणाऱ्या दोघी होत्या, पत्नी गिताबाई आणि वृद्ध आई धुरपदा. त्यांचा बंदोबस्त अर्जदाराने वेळीच केला.

२. सुषमा हुशार आहे हे अर्जदारास मान्य आहे, तिच्यासमोर मात्र त्याने ते कधी म्हटले नाही. तिला सी.ए. करायचे होते. खरे म्हणजे तिलाच करायचे होते, अर्जदाराने फक्त होकार दिला, आणि होकार दिल्यावर तो गप्प बसणाऱ्यातला नाही. दिवाळीनंतर महाविद्यालयात पालकसभा झाली. वाणिज्य शाखेच्या मॅडमनी सर्वांना सांगितले की सराव पेपर हा चुकण्यासाठीच असतो. घरी चुका, म्हणजे तिथे चुकणार नाही. चुकलेला पेपर टाकू नका, फाइलला लावा, कुठे घसरले ते लाल पेनाने लिहा आणि आठवड्याने तोच प्रश्न न बघता परत सोडवा. ताळेबंद नाही जुळला तर तिथे डोके धरून बसू नका, पुढे जा, केलेल्या पायऱ्यांचे गुण मिळतात.

आता बोला! अर्जदार उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, चुकलेलं जपून ठिवायला हे काय देवघर हाय का?" सगळी सभा हसली. सुषमा मान खाली घालून बसली होती. मॅडम हसल्या नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, "तुमची मुलगी चुकायला घाबरते, तेवढं बघा." अर्जदाराने ते बघितले आणि त्याला समाधान वाटले.

३. मॅडमच्या सांगण्यावरून सुषमाने अशी एक फाइल केली होती. अर्जदाराने ती त्याच दिवशी आंघोळीच्या बंबात घातली आणि घरचा कायदा सांगितला. सराव पेपर बोर्डाच्या वेळेत, बोर्डाच्या पद्धतीने लिहायचा. एक आकडा चुकला की तिथेच थांबायचे. ज्याने चूक केली त्यानेच, स्वतःच्या हाताने, पेपर उभा फाडायचा, मग आडवा फाडायचा, तुकडे नीट एकावर एक ठेवायचे, उठून उभे राहायचे आणि म्हणायचे, "कोरा पेपर द्या, पहिल्यापासून लिहिते." तुकडे बंबात. बरोबर लिहून होईपर्यंत जेवण नाही. आणि सकाळी आंघोळ त्याच पाण्याने, म्हणजे आदल्या दिवशीची चूक अंगाला लागते. काही दिवस तर सरपण फोडावेच लागले नाही, इतका माल निघत होता.

सुरुवातीला ती फाडताना रडायची. रडण्याने कागद भिजतो आणि भिजलेला कागद बंबात नीट पेटत नाही, हे अर्जदाराने तिला समजावून सांगितले. मग ती रडायची थांबली. संक्रांतीपर्यंत तर अर्जदारास तपासावेही लागत नव्हते. तो टीव्ही बघत बसायचा आणि आतल्या खोलीतून फाडल्याचा आवाज यायचा. नुसती शंका आली तरी ती फाडायची, कारण शंका म्हणजेच चूक, हे कलम अर्जदाराने पहिल्याच दिवशी सांगितले होते. महोदय, अशी तयारी आपल्या जिल्ह्यात किती मुलांची असेल?

४. पत्नी गिताबाई हिने एकदा मध्ये तोंड घातले. "अवो, दोन घास खाऊ द्या की पोरीला, मग बसंल ती परत." अर्जदाराने तिला विचारले की बोर्डात तू भाकरी घेऊन जाणार आहेस का. तिने वाढलेले ताट झाकून ठेवले. आई धुरपदा हिचे म्हणाल तर ती तेव्हा अंथरुणालाच होती. एके दिवशी अर्जदाराच्या देखत तिने सुषमाला पाणी मागितले, आणि ही पेपर अर्धा टाकून उठली. परीक्षा कक्ष सोडला म्हणून तोही पेपर फाडायला लावला. म्हातारी नंतर म्हणायची, "मी न्हाई रं पुन्यांदा पानी मागत, तिला लिवू दे." आणि खरोखरच तिने मागितले नाही. मुलगी लिहीत असताना ती कोरड्या तोंडाने पडून राहायची. फेब्रुवारीत आई वारली. दहाव्या दिवशीचा पेपर अर्जदाराने माफ केला होता, याची नोंद घ्यावी, कारण सुनावणीत त्याला निर्दयी म्हटले गेले.

५. प्रत्यक्ष पेपराच्या दिवशी अर्जदाराने रजा काढून मुलीस यवत येथील केंद्रावर स्वतः सोडले. फाटकात तिला एकच सांगितले, "घरी करतीस तसंच कर." ती हो म्हणाली. पुढे जे घडले ते आपल्या पर्यवेक्षिकेने लिहून दिले आहे आणि त्यातला शब्दही अर्जदार नाकारत नाही. मुलगी शांतपणे लिहीत होती. शेवटचा प्रश्न भागीदारी संस्थेच्या अंतिम लेख्यांचा होता. ताळेबंदाच्या बेरजेपाशी ती थांबली, बराच वेळ एकाच आकड्याकडे बघत राहिली. मग तिने उत्तरपत्रिका उभी फाडली, आडवी फाडली, तुकडे एकावर एक ठेवले, उठून उभी राहिली आणि म्हणाली, "कोरा पेपर द्या, पहिल्यापासून लिहिते."

यात कुठे आली कॉपी, कुठे आला गैरमार्ग? शिकवलेले मुलीने तंतोतंत केले. उलट पर्यवेक्षिका बाई किंचाळल्या, वर्गातल्या इतर मुलांचे लक्ष विचलित झाले, आणि वेळ शिल्लक असताना कोरी उत्तरपत्रिका दिली गेली नाही. ती मागतच राहिली म्हणे. शिपायाने दंडाला धरून बाहेर काढली तेव्हाही तेच वाक्य म्हणत होती. बाहेर आल्यावर अर्जदाराने तिला एक दिली, ती मात्र घरगुती बाब आहे.

६. आता सुनावणीबद्दल. आपल्या साहेबांनी ते तुकडे चिकटपट्टीने जोडून टेबलावर मांडले होते. त्यांनी विचारले, "का फाडलंस बाळ?" ती म्हणाली, "हातचा धरला का न्हाई ते आठवंना." साहेबांनी बोट ठेवून बेरीज केली. हातचा धरलेला होता. देयता आणि संपत्ती, दोन्ही बाजू जुळत होत्या. ताळेबंद बरोबर होता. मागचे सगळे प्रश्नही बरोबर होते, साहेब म्हणाले की असा पेपर ते वर्षातून एखादाच बघतात. मुलगी त्या जोडलेल्या कागदाकडे बघत राहिली. मग तिने हळूच हात पुढे केला, आणि साहेबांनी कागद पटकन ओढून घेतला, नाहीतर तिने तो पुन्हा फाडला असता.

साहेब अर्जदाराकडे वळून म्हणाले, "हे तुम्ही केलंत." हे म्हणजे फारच झाले. अर्जदार येथे लेखी नमूद करतो की बरोबर पेपर फाडण्याची मुभा त्याने मुलीस कधीही, कोणत्याही परिस्थितीत दिलेली नव्हती. हा तिचा स्वतःचा निष्काळजीपणा असून त्याबद्दल तिला घरी समज देण्यात आली आहे.

७. सध्या सदर मुलीची स्थिती अशी की हाताला येईल तो कागद ती फाडते. किराणाची पुडी, लाइटबिल, मावसभावाची लग्नपत्रिका. उभा फाडते, आडवा फाडते, तुकडे एकावर एक ठेवते आणि उभी राहते. कोणी काही दिले नाही तर तशीच उभी राहते. पत्नी तिला धरून खाली बसवते आणि स्वतः रडते. परवा त्या मॅडम घरी आल्या होत्या, दौंडला डॉक्टरला दाखवा म्हणाल्या. अर्जदाराने त्यांना चहा दिला आणि वाटेला लावले. नाटक आहे ते, परीक्षा जवळ आली की उतरेल.

८. सबब अर्जदाराच्या विनंत्या अशा. गैरमार्गाचे प्रकरण निकाली काढावे. चिकटवलेले तुकडे हीच उत्तरपत्रिका समजून पूर्ण गुण द्यावेत आणि स्वतःची चूक स्वतः फाडण्याच्या सचोटीबद्दल काही वाढीव गुण देता आले तर पाहावे. ते जमत नसल्यास जुलैच्या परीक्षेस बसू द्यावे, आणि तेव्हा तिला न फाटणारी, प्लास्टिकच्या कागदाची उत्तरपत्रिका पुरवावी. तेही जमत नसल्यास अर्जदारास तिच्या बाकावर शेजारी बसून तीन तास तिचा डावा हात धरून ठेवण्याची परवानगी मिळावी. एका हाताने फाडता येत नाही, हे घरी करून पाहिले आहे.

९. एका मुलीवरून अर्जदाराच्या पद्धतीची परीक्षा होऊ नये, म्हणून शेवटी एवढेच. धाकटी शितल चौथीत आहे. तिचा सराव अर्जदाराने अजून सुरूही केलेला नाही, वय लहान म्हणून. काल तिने शाळेत सूर्याचे चित्र काढले होते, ते आईला दाखवायला आणले. रंग रेघेच्या थोडा बाहेर गेला होता. अर्जदार काहीही बोलला नाही, त्याने फक्त चित्राकडे पाहिले. पोरीने ते आपले आपण उभे फाडले, आडवे फाडले आणि बंबाकडे गेली. ही गोष्ट सांगताना अर्जदाराचा ऊर भरून येतो.

साहेबांनी बापाच्या जागी उभे राहून विचार करावा आणि मुलीचे वर्ष वाचवावे, ही हात जोडून प्रार्थना.

आपला नम्र,
ज्योतिबा मारुतराव देवकाते
(सही)

ठिकाण : वरवंड
दिनांक : २१ एप्रिल २०२५

सोबत :
१) कारणे दाखवा नोटिशीची प्रत, चार तुकड्यांत.
२) मुलीच्या हॉलतिकिटाची प्रत. मूळ हॉलतिकीट शिल्लक नाही.

ता.क. अर्जात काही ठिकाणी खाडाखोड झाली आहे, ती कृपया सांभाळून घ्यावी. माणूस आहे, चुकायचेच. एवढ्यासाठी सगळे पुन्हा पहिल्यापासून कोण लिहीत बसणार?