मिनिटाला सोळा

सोमवार, ८ सप्टेंबर २००८

आले एकदाची चेन्नईला! अंबत्तूरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधली ही प्रयोगशाळा लहान असली तरी नीटनेटकी आहे. औषध कंपन्यांचे नमुने इथे तपासतात. यंत्रं इतकी नाजूक की व्होल्टेज जरा हललं तर दिवसभराची चाचणी वाया जाते. सध्या रोज दुपारी दोन ते तीन लाइट जाते. यूपीएस चाळीस मिनिटं टिकला तर यंत्रं रीतसर बंद करता येतात. पण तो पंचविसाव्या मिनिटालाच मान टाकतो. का, ते शोधायचं काम माझं.

संचालिका श्रीरंजनी मॅडम कमी बोलतात. स्टोअर सांभाळणारे चंद्रमौळी मात्र तंजावरकडचे मराठी निघाले! त्यांची मराठी जुन्या पोथीतल्यासारखी, वर तमिळचा हेल. मला 'कौमुदीअम्मा' म्हणतात. राहतात कंपाउंडच्या भिंतीला लागूनच. कॉफी त्यांनीच आणून दिली. सांगली सोडल्याचं वाईट वाटेना इतकी छान होती.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

बॅटऱ्या तपासल्या. सगळ्या ठणठणीत. अर्थिंगही ठीक. म्हणजे लोड जास्त आहे. पण कुठला?

यूपीएसवर लोड दाखवणारा जुना काट्याचा मीटर आहे. जेवणाच्या सुट्टीत सगळे स्विच बंद करून पाहिलं. काटा शून्यावर यायला हवा होता. तो दीडवर गेला, दोनवर चढला, पुन्हा दीडवर. सावकाश, एका लयीत. घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला सोळा वेळा.

मागे वळले तर दारात चंद्रमौळी. कधीपासून उभे होते, कोण जाणे. म्हणाले, मीटर जुना आहे, त्याचं मनावर घेऊ नका. इतक्या घाईने का म्हणाले?

मंगळवार, १६ सप्टेंबर

यूपीएसच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडेच असते. मी आत गेले की काहीतरी निमित्त काढून येतात. आज ते बाजारात गेले होते, तेवढ्यात मी कपाट सरकवलं. मागे एक करडी वायर! आउटपुटच्या बोर्डावरून निघून खिडकीच्या चौकटीतून थेट भिंतीपलीकडे गेलेली. सफाईने लपवलेली, जुनी.

तर ही चोरी आहे. मागे शिंप्यांची दुकानं आहेत, त्यांना वीज विकत असणार. आणि वर मला कॉफी पाजतात!

बुधवार, १७ सप्टेंबर

मॅडमना सांगणार होते. मग वाटलं, आधी खात्री करू. दोन वाजता लाइट गेली. दोन वाजून पाच मिनिटांनी पक्कडीने वायर तोडली. टोकांना टेप लावून कपाट जागेवर सरकवलं. काट्याचं ते वरखाली होणं थांबलं.

यूपीएस चाळीस मिनिटं चालला. मॅडम पहिल्यांदा हसल्या.

गुरुवार, १८ सप्टेंबर

चंद्रमौळी आले नाहीत. मॅडमनी सांगितलं की त्यांची बायको कनका काल दुपारी अडीचला गेली. वर्षभर श्वासाच्या यंत्रावर होती. घरीच. लाइट जायची तेव्हा ते कसं भागवत, देव जाणे, म्हणाल्या.

मला ठाऊक आहे कसं भागवत. कुणाला सांगू?

विचारायला हवं होतं. एकदा नुसतं विचारायला हवं होतं.

सोमवार, २२ सप्टेंबर

पाचव्याच दिवशी ते कामावर आले. सगळे चकित. मला त्यांच्याकडे बघवेना. दुपारी त्यांनीच हाक मारली. यूपीएससमोर स्टुलावर बसले होते.

"गेली नाही ती," म्हणाले. "पाहा की."

सगळे स्विच बंद होते. काटा दीड. दोन. दीड. दोन.

ते गेल्यावर कपाट सरकवलं. वायर तुटलेलीच, टेप तसाच. दुसरी वायर टाकली असेल त्यांनी. नक्कीच.

बुधवार, २४ सप्टेंबर

भिंत, छत, फरशी, सगळं पाहिलं. दुसरी वायर नाही. मीटरही बदलला. नवा मीटर तेच दाखवतो.

मग यूपीएसच बंद केला.

छातीतली हवा संपली. आत घेता येईना— तोंड उघडं आणि आत काहीच नाही. जमिनीवर पडले. चंद्रमौळींनी येऊन स्विच चालू केला तेव्हा श्वास आला.

किती वेळ उभे राहून बघत होते ते?

घड्याळ लावून माझे श्वास मोजले. सोळा. काट्याबरोबर.

गुरुवार, २५ सप्टेंबर

त्यांनी कॉफीत काही घातलं असेल. डॉक्टर म्हणतात, छाती स्वच्छ आहे. सांगलीला जायला निघाले— अंबत्तूर स्टेशनच्या जिन्यावरच गुदमरायला लागलं. मागे वळले तसा श्वास मोकळा झाला.

चंद्रमौळी फाटकात उभे. म्हणाले, "वायर तुम्ही तोडली, ते पहिल्या दिवशीच मला कळलें. मी रागावलों नाही, अम्मा. आता तिला तुम्हीच जपा."

शनिवार, २७ सप्टेंबर

सबस्टेशनची दुरुस्ती. नऊ ते पाच लाइट नाही. प्रयोगशाळा बंद, मी एकटी. सगळे स्विच उतरवलेत, बॅटरी फक्त त्या काट्यासाठी. हिशेबाने पाच तास.

बाराला चंद्रमौळी आले. भाड्याचा जनरेटर आणतो, तासात येतो म्हणाले. जाताना दाराला बाहेरून कडी घातली. सवयीने घातली असेल.

१.२०. आले नाहीत. फोन उचलत नाहीत.

१.४०. बॅटरीचा लाल दिवा. काटा हळू झालाय. मीही.

१.४६. भिंतीपलीकडे खुर्ची सरकली. त्यांचं घर— ते खोकले. ते गेलेच नाहीत कुठे. तिथेच बसलेत, भिंतीला लागून— ऐकताहेत—

हाका मारल्या. खुर्ची हलली नाही.

मिनिटाला अकरा. नऊ. लिहिताना थांबावं लागतं, काटा वर येईपर्यंत—

सहा

वर येत ना