मोटरहोममधले पोहे

शुक्रवार, १२ जानेवारी २०१८ – क्राइस्टचर्च

मोटरहोम ताब्यात घेतली. गाडी कसली, मनुरेवाच्या आमच्या घराचं स्वयंपाकघरच चाकांवर चढवलंय. मुग्धाने, माझ्या सुनेने, परस्पर ठरवून टाकलं. "आई, नितीशचं डनेडिन तुम्ही पाहिलंच नाही." खरंय. माझा मुलगा तिथल्या युनिव्हर्सिटीत डेंटिस्ट झाला तेव्हा मी पुण्यात. पदवीदानाचा फोटो तेवढा आला. तो गेला त्याला आता तिसरं वर्ष. नाही कसं म्हणू?

गाडी चालवायला तिच्या ऑफिसातला हरीश. मला काकू म्हणतो. फार बोलत नाही. बरंय – मीही नाही.

शनिवार, १३ जानेवारी – ओआमारू

वळणावर कपाट उघडलं आणि चिवड्याचा डबा कोसळला. सीटखाली अजून सापडतोय.

कँपग्राउंडवर कुकरची शिट्टी झाली तर शेजारचा गोरा म्हातारा धावत आला, सिलिंडर फुटला समजून! हरीशने त्याला वरणभाताची वाटी दिली. "स्वीट अ‍ॅज", म्हणजे इथल्या भाषेत झकास, म्हणत वाटीसकट गेला. वाटी माझी होती.

गाडीतल्या संडासाची टाकी रिकामी कोणी करायची, यावर मी दुपारपासून मनात बैठक घेत होते. हरीश न बोलता उचलून घेऊन गेला. परतल्यावर मुग्धाने त्याच्या हातावर पाणी घातलं. दोघं कशावरून तरी हसली. मी कोथिंबीर निवडायला घेतली.

रविवार, १४ जानेवारी – डनेडिन

सकाळी हरीशने कांदेपोहे केले. लिंबू, खोबरं, सगळं रीतसर. पहिली बशी मला दिली आणि समोर अंग चोरून बसला. माझ्या तोंडून आपोआप निघालं – मूळ गाव कुठलं?

"सातारा. वाढलो ठाण्याला."

भावंडं?

"एक बहीण. तिचं लग्न झालंय."

स्वयंपाक सगळा येतो?

"पोळ्या गोल होत नाहीत, काकू."

तेवढ्यात सिंकपाशी पाठमोऱ्या मुग्धाचे खांदे हलताना दिसले. मला वाटलं रडतेय. हसत होती. "आई, आता त्याला गाणं म्हणायला सांगा."

तेव्हा कुठे ट्यूब पेटली. आम्ही स्थळदर्शनाला आलेलोच नाही. स्थळ दाखवायला आणलंय मला! आणि चौकशा मी स्वतःच सुरू केल्या, सराईत बाईसारख्या. बशी संपवली. मीठ कमी होतं. सांगितलं नाही.

रात्र

हसू ओसरलं. मुग्धा मला तोंडाने विचारणार नाही. मी नुसतं गप्प राहिले तरी हरीशला "जाऊ दे" म्हणेल आणि माझ्या गोळ्या वेळेवर देत राहील. चौतिशीची आहे. आणि हो म्हटलं तर? नवरा नाही, मुलगा नाही, होती ती सून. ती दुसऱ्या घरची झाल्यावर मी तिची कोण?

सोमवार, १५ जानेवारी – डनेडिन

बाल्डविन स्ट्रीट. रस्ता म्हणजे भिंतच. हरीश म्हणाला, मोटरहोम वर नेली तर भांडी सगळ्यात आधी खाली पोचतील. म्हणून पायी. मी अर्ध्यात बसले. मुग्धा म्हणे, "आई, पर्वती रोज चढायचात ना?" म्हटलं, पर्वतीला पायऱ्या आहेत.

दुपारी युनिव्हर्सिटी. काळ्या दगडाची घड्याळाची इमारत. मुग्धा म्हणते, थेट इंग्लंड. मी इंग्लंड पाहिलं नाही. मला फर्ग्युसन आठवलं. फोटोत नितीश जिथे काळा झगा घालून उभा आहे, ती हिरवळ लगेच ओळखली. टोपी वाकडी होती त्याची. तिथे उभी राहिले. मुग्धा शेजारी आली.

हरीश कधीच बाजूला झाला होता. ओढ्याच्या कठड्याशी, आमच्याकडे पाठ करून. एकदाही वळला नाही. फोटो काढू का, असंही विचारलं नाही.

शेवटी मीच म्हटलं, "बोलाव त्याला. किती वेळ बदकं बघणार?"

मुग्धाने माझ्याकडे पाहिलं. "आई, नक्की?"

"बोलाव म्हटलं ना."

मंगळवार, १६ जानेवारी – टिमारू

संध्याकाळी पुण्याला आशालताताईंना, मुग्धाच्या आईला, फोन लावला. आधी रडल्या. मग म्हणाल्या, "सुलेखाताई, हे असते तर... मुलीकडचं सगळं मी एकटी कशी करू हो?"

म्हटलं, एकट्या कशाने? कन्यादानाला आपण दोघी बसू.