बी.ए.नंतर दहावी

बाबा,

गेल्या रविवारी मी एका बाईला परत पाठवलं, आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता रोज आठवण येत नाही, खोटं कशाला बोलू. पण ती बाई गेली आणि तिच्या मागे रिकाम्या बाकावर मला तुम्हीच बसलेले दिसायला लागलात. बाकाखाली गुडघे मावत नाहीत म्हणून तिरके बसलेले, इस्त्रीच्या शर्टात.

मी कॉलेजात शिकवते ते तुम्ही पाहिलंत. रविवारी मुलुंडच्या एका शाळेत मोठ्या माणसांना शिकवते, हे तुमच्यानंतरचं. तुम्ही घाटकोपरला जायचात तसलंच केंद्र आहे. शाळा अर्धवट सुटलेली माणसं येतात. आधी पूर्वतयारीचा छोटा अभ्यासक्रम, त्यात पास झालं की दहावी-बारावी नसली तरी बी.ए.ला प्रवेश, नोकरी सांभाळून रविवारचे तास. बाकडी अजूनही तिसरी-चौथीच्या पोरांचीच. फळ्यावर शनिवारचा सुविचार तसाच असतो, तो पुसायला कुणाचा हात होत नाही.

तुम्ही त्या केंद्रात जायला लागलात तेव्हा मी स्वतः बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. गिरणी बंद पडल्यावर तुम्ही अंधेरीच्या त्या ऑफिसात शिपाई म्हणून लागलात, आणि शिपायाचा क्लार्क होतो, फक्त पदवी लागते, असं कुणीतरी तुमच्या कानात घातलं. गावाकडची आठवी एवढंच तुमचं शिक्षण. आई म्हणाली, ‘‘ह्या वयात पाटी-दप्तर? लोक हसतले.’’ तुम्ही म्हणालात, ‘‘हसू देत. हसणारे काय पगार देतत?’’ आणि रविवारच्या मासळीबाजाराला कायमची सुट्टी मिळाली. पूर्वतयारी झाली, बी.ए. सुरू झालं, आणि भटवाडीच्या त्या एका खोलीत दोन बी.ए. बसायला लागले. जेवणं झाली की आई ओटा पुसून द्यायची आणि तुम्ही ओट्यापाशी उभं राहून वाचायचात. बसलं की झोप येते म्हणायचात. मला मात्र ऑफिसच्या भंगारातली फिरती खुर्ची आणून दिली होतीत, रेक्झिन फाटलेली, एक चाक नसलेली. ती डोक्यावर घेऊन चढ चढून आलात आणि सगळी आळी बघायला जमली. त्या खुर्चीत मी एम.ए.पर्यंत शिकले, एका बाजूला कललेली.

मूलभूत हक्क तुम्ही मला म्हणून दाखवायचात, मी पुस्तक धरायचे. प्रत्येक उत्तराची सुरुवात तुम्ही ‘माझ्या मते’ अशी करायचात. तुमचे सर एकदा वैतागले, म्हणाले, ‘‘अहो, आपलं मत कोणी विचारलंय? पुस्तकात आहे तेवढं लिहा.’’ हे सांगताना तुम्ही खूश होतात. मी म्हटलं, ‘‘अहो बाबा, ते ओरडले तुम्हाला.’’ तुम्ही म्हणालात, ‘‘ओरडले, पण आपलं म्हणाले ना.’’ ऑफिसात तुमच्या निम्म्या वयाची पोरं तुम्हाला ‘अरे’ म्हणायची, हे तोपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आणि ती चहाची गोष्ट. मधल्या सुट्टीत शाळेचा शिपाई ट्रे घेऊन आला की तुम्ही उठून त्याच्या हातातला ट्रे घ्यायचात आणि वर्गाला चहा वाटत फिरायचात. त्याने एकदा हात जोडले, ‘‘काका, बसा ना, माझी नोकरी घालवाल.’’ बसून चहा घ्यायला शिकण्यातच पहिलं वर्ष गेलं, असं तुम्ही हसत सांगायचात. मला वाटतं, तुमच्या सगळ्या आयुष्यात एवढ्या आनंदात मी तुम्हाला फक्त त्याच वर्षांत पाहिलं.

मग पदवी आली. काळा डगला घालून फोटो काढलात, पेढे वाटलेत, ऑफिसात अर्ज दिलात. साहेबांनी तो बघितला आणि म्हणाले, दहावी कुठाय? आमच्याकडे आधी दहावी, मग बारावी, मग पदवी, असं क्रमाने लागतं. हे असं वरच्या मजल्यावर शिडी लावून चढलेलं चालत नाही. इतकी वर्षं तुम्ही त्यांच्याच टेबलावर चहा ठेवत होतात, अभ्यासासाठी रजा त्यांच्याकडेच मागत होतात. एका शब्दाने बोलले नव्हते. तुम्ही घरी आलात, हातपाय धुतलेत, जेवलात, आणि ताटावरून उठताना म्हणालात, ‘‘सतरा नंबरचा फॉर्म भरूचो लागतलो.’’ बाहेरून दहावीला बसतात तो. आई म्हणाली, ‘‘आता धावी करतलात? वरातीमागून घोडा.’’ मीही म्हटलं, ‘‘सोडा ना बाबा, पदवी तर कोणी काढून घेत नाही.’’ तेव्हा तुम्ही माझ्यावर भडकलात, आयुष्यात एकदाच. ‘‘तू गप बस. तुला ताटात वाढून मिळालंय.’’ खरंच होतं ते.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी मी तुम्हाला सोडायला आले होते. दारावरच्या बाईंनी तुम्हाला अडवलं. ‘‘पालकांनी गेटबाहेर थांबा.’’ तुम्ही हॉल तिकीट दाखवलंत. त्यांनी ते उलटसुलट बघितलं, तुमच्याकडे बघितलं, आणि त्यांना हसू आवरलं नाही. तुम्हीही हसलात, त्यांना बरं वाटावं म्हणून. मागे उभी असलेली पंधरा-सोळा वर्षांची पोरं बाजूला सरकली आणि तुम्ही आत गेलात. मला अजून तो शर्ट आठवतो, पाठीवर घामाने चिकटलेला. बाकी सगळे विषय निघाले, गणित राहिलं. पुढच्या वेळी पुन्हा राहिलं. बी.ए. झालेला माणूस भूमितीच्या प्रमेयापुढे हात टेकून बसायचा, आणि मी शिकवायला बसले तर मलाही येत नव्हतं.

शिपाई म्हणूनच निवृत्त झालात. निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ देताना साहेबांनी ‘आमचे पदवीधर शिपाई’ असा उल्लेख केला आणि लोक हसले. वाईट हेतूने नसतील हसले. पण मला त्या माणसाचा अजून राग येतो, आणि तो तसाच राहावा अशी माझी इच्छा आहे. तुम्ही शाल घडी करून मांडीवर ठेवलीत. त्यानंतरही गणिताचा फॉर्म भरलातच. मी विचारलं, आता कशाला, तर म्हणालात, ‘‘राहिलाय ना पण तो.’’ आणि मग झटका आला, उजवा हात गेला. जीभ जड झालेली, शब्द नीट फुटत नव्हते, तरी तुम्ही मला विचारलंत, लेखनिक मिळतो ना? लिहून देणारा? मी म्हटलं, मिळतो, बाबा. महिन्याभरात तुम्ही गेलात.

तर ही बाई. भांडुपच्या एका शाळेत आयाबाई आहे, चाळिशी ओलांडलेली, सहावीत शाळा सुटलेली. पूर्वतयारीला नाव घालायला आली होती. मला म्हणाली, ‘‘मॅडम, आमच्याकडे क्लार्कची जागा निघणार आहे ना, ग्रॅज्युएट पाहिजे बोलल्या मोठ्या मॅडम. हे केलं की माझं काम होईल ना?’’ असं विचारणारे पुष्कळ येतात. मी नेहमी म्हणते, आधी शिका तर, पुढचं बघू. त्या दिवशी काय झालं मला माहीत नाही. मी तिला सगळं सांगितलं. काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी दहावीशिवाय ही पदवी चालत नाही, आधी त्यांच्याकडून नीट विचारून घ्या, नाहीतर दहावीच करा. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘‘दहावी म्हणजे गणित पण?’’

‘‘हो.’’

‘‘ते जमलं असतं तर इकडे कशाला आले असते, मॅडम?’’ आणि उठली.

केंद्र सांभाळणारी माझी मैत्रीण नंतर मला म्हणाली, ‘‘वेडी आहेस का गं? आलेल्या माणसाला असं घालवतात? शिकू दे ना यार.’’ मी दोन दिवसांनी त्या बाईला फोन केला. म्हटलं, नोकरीचं राहू द्या, शिकायला म्हणून या. ती हसली. ‘‘शिकायला म्हणून? रविवार एकच मिळतो मॅडम, आठवड्याचे कपडे असतात.’’ मग म्हणाली, ‘‘घरी सगळे हेच बोलत होते, काही उपयोग नाही म्हणून. मला वाटलं मॅडम वेगळं बोलतील.’’ राग नव्हता तिच्या आवाजात. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी तिला खरं सांगितलं, आणि खरं सांगणं चांगलं, असंच मी आजवर मानत आले. तुम्हाला वेळेवर कोणी सांगितलं नाही म्हणून किती वर्षं मी त्या ऑफिसाला शिव्या दिल्या. तिच्याशी तरी तसं होऊ नये, एवढंच डोक्यात होतं. आता ती रविवारी कपडे धुते, आणि तिला कोणी ‘आपण’ म्हणत नसेल. तुमची फसवणूक झाली, तिची मी होऊ दिली नाही. यात जास्त कोणाचं गेलं, ते मला सांगता येत नाही. उद्या पुन्हा रविवार आहे, पुन्हा कोणीतरी येईल आणि हेच विचारेल, आणि मी बहुधा पुन्हा खरंच सांगेन.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. कारण त्या बाकावर तुम्ही येऊन बसला असता आणि माझं काम होईल ना असं विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, होईल.