पहिल्या सात महिन्यांतले शून्य बिघाड

४ जानेवारी १९९७, शनिवार
पत्र आलं. तंत्रज्ञानाच्या इतिहासाच्या परिषदेत माझा पेपर घेतला आहे. १५ फेब्रुवारी, दिल्ली. पहिल्यांदाच पेपर वाचणाऱ्यांसाठी एक पारितोषिक आहे, आणि त्याबरोबर दोन वर्षांची फेलोशिप. म्हणजे गुडगावच्या ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं बंद.
मला बक्षिसाचा मोह नाही. फक्त शक्यता मोजली. स्पर्धक अकरा, म्हणजे प्रत्येकी ०.०९. त्यांत इंजिनिअर मी एकटी. सुधारित शक्यता ०.६.
आईला सांगितलं. ती म्हणाली, "पहिलटकरीण आहेस, मग जिने जपून चढ. लिफ्ट आजही बंद आहे."

११ जानेवारी, शनिवार
विषय: भैरोंगंज टेलिफोन एक्स्चेंज, १९६६. ऑपरेटर जाऊन स्वयंचलित यंत्र आलं तो काळ. सहा शनिवार खर्चून खात्याचं बिघाड-रजिस्टर उतरवून काढलं आहे. निष्कर्ष थक्क करणारा: उद्घाटनापासून सलग सात महिने एकही बिघाड नाही. आठव्या महिन्यात एकदम दोनशे बारा.
उघड आहे. सुरुवातीला कर्मचारी दक्ष होते. मग सवयीनं सुस्तावले. पेपरचं नाव: 'दक्षतेचा ऱ्हास'.
कॉलची संख्या लिहायचा रकाना मात्र सात महिने कोरा आहे. कारकुनाचा आळस. तळटीप दिली.

१९ जानेवारी, रविवार
बाबा टेलिफोन खात्यातच होते. योगायोगानं भैरोंगंजलाच, टेक्निशियन म्हणून. मी जेवताना ग्राफ दाखवला तर ते हसायला लागले. "रेवा, अगं ते सात महिने..." मी थांबवलं. तीस वर्षांपूर्वीची आठवण हा पुरावा नव्हे, आणि वडिलांची तर नव्हेच. पद्धत म्हणजे पद्धत.
बाबा म्हणाले, "बिल्कुल." आणि भात वाढून घेतला.
टेलिफोनवर पेपर लिहितेय आणि नव्या फ्लॅटमध्ये आमचाच फोन लागायचा आहे. तीन वर्षं यादीत नाव. आईला यात विनोद दिसतो. मला दिसत नाही.

२६ जानेवारी, रविवार
माझ्याच सत्रात पेपर वाचणारी निधी घरी आली होती. पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेली, पण बोलताना दर वाक्यात एक यार. तिचा विषय शिवणयंत्रं. वीस शिंप्यांच्या मुलाखती, एकही ग्राफ नाही. तिची शक्यता ०.०५ धरली आहे.
सहा मजले चढून आली. सत्रातला क्रम ठरवायचा होता. माझं प्रोजेक्टरच्या ट्रान्सपरन्सी छापणं चाललं होतं, तिला थांबायला सांगितलं. ती स्वयंपाकघरात बाबांबरोबर मटार सोलत बसली. एक तास पन्नास मिनिटं. आतून हसण्याचे आवाज. तिचा वेळ फुकट गेला याचं जरा वाईट वाटलं.
जाताना तिनं मटाराच्या शेंगा दोन्ही खिशांत भरून नेल्या. आई म्हणाली, "किती मोकळी पोरगी." मी पाहुण्यांसमोर मोकळी नसते, हे त्यातलं न बोललेलं.

५ फेब्रुवारी, बुधवार
ऑफिसात निधीचा फोन. "रेवती, पेपर वाचायच्या आधी एकदा काकांशी बोल ना. प्लीज यार. सीरियसली."
दहा दिवस राहिले की प्रतिस्पर्ध्याला डळमळीत करायचं, ही जुनी युक्ती आहे. आभार मानून फोन ठेवला. तिला भीती वाटतेय. माझी शक्यता ०.७.
साहेबांना सूचित केलं की एप्रिलपासून मी कदाचित नसेन. ते म्हणाले, "अच्छा? बघू." त्यांचा आवाज मला दुखावल्यासारखा वाटला.

९ फेब्रुवारी, रविवार, दुपारी ४
घरी रंगीत तालीम. श्रोते: आई, बाबा. वेळ अठरा मिनिटं चाळीस सेकंद. 'टेक्निशियनांचा निष्काळजीपणा' या ट्रान्सपरन्सीला बाबांनी चष्मा काढून पुसला. "रेवा, तो आठवा महिना आहे ना..." प्रश्न शेवटी, असं मी सांगितलं. शेवटी त्यांना प्रश्न नव्हता. "आवाज छान आहे तुझा," एवढंच म्हणाले.
आई आतून म्हणाली, "अहो, सांगून टाका की." बाबा म्हणाले, "तिचा पेपर आहे."
काय सांगायचं होतं ते विचारायला हवं होतं का? नाही. रजिस्टरची पूर्ण नक्कल माझ्याकडे आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार
फक्त घटना लिहिते.
पेपर अठरा मिनिटं तीस सेकंदांत संपला. आई-बाबा तिसऱ्या रांगेत. परीक्षकांपैकी अण्णासाहेब म्हणून एक वयस्कर प्राध्यापक आहेत. त्यांनी विचारलं, "सात महिने बिघाड नाही, आणि कॉलचीही नोंद नाही. दोन्ही एकदम कसं?" मी तळटीप वाचून दाखवली. ते म्हणाले, तळटीप वाचली मी, बाई. तिथं काम केलेल्या कोणाला विचारलंत का?
या क्षणी मी एक निर्णय घेतला. सभागृहाकडे हात करून म्हणाले, "माझे वडील तिथेच होते. तेच दुजोरा देतील."
बाबा उभे राहिले. समोर सगळे हिंदी-इंग्रजीवाले, म्हणून हिंदीत बोलले. "जी, मशीन तो चालू ही नहीं थी."
मग चार मिनिटं. केबल आलीच नव्हती. मंत्र्यांची तारीख मात्र ठरलेली. यंत्र पुसून, हार घालून उभं केलं, पुढचे दिवे पेटवले. मंत्र्यांनी मुंबईला पहिला स्वयंचलित कॉल लावला तो पडद्यामागून बाबांनी हातानं जोडला. पुढे सात महिने तेच. बिघाडाचं रजिस्टर रोज भरायचं असा नियम, म्हणून रोज संध्याकाळी बाबा त्यात शून्य लिहीत. "झूठ नहीं लिखा, साहब. जो चलती नहीं, वो बिगड़ेगी कैसे?" आठव्या महिन्यात यंत्र सुरू झालं आणि दोनशे बारा वेळा बंद पडलं. तो महिना बाबा घरी आले ते फक्त अंघोळीला.
टाळ्या एक मिनिट. माझ्या पेपरला अकरा सेकंद होत्या.
पारितोषिक निधीला. फेलोशिपमध्ये ती जुन्या एक्स्चेंजमधल्या कामगारांच्या आठवणी गोळा करणार. माझ्याबद्दल अण्णासाहेब म्हणाले, "यांच्यामुळे आज आपल्याला त्यांचे वडील भेटले."

१६ फेब्रुवारी, रविवार
विश्लेषण. माझी आकडेमोड अचूक होती. रजिस्टरमधली प्रत्येक नोंद अचूक होती. चूक एवढीच की यंत्र बंद होतं. ही चूक माझी म्हणता येणार नाही.
बाबांना विचारलं, आधी का नाही सांगितलं? ते वर्तमानपत्र वाचत होते. "किती वेळा सांगायचं, बाळ?" मी मोजलं. दोनदा. दोन म्हणजे फार नव्हे.

९ मार्च, रविवार
निधी आता दर रविवारी टेपरेकॉर्डर घेऊन येते. बाबा दाढी करून बसतात. दार लावून घेतात, कारण टेपवर कुकरच्या शिट्ट्या येतात. माझ्याच संशोधनाचा हा विस्तार आहे, असं मी ऑफिसात सांगते. साहेबांनी एप्रिलचं टेस्टिंगचं वेळापत्रक दिलं. त्यात माझं नाव आधीपासूनच होतं.

२३ मार्च, रविवार
आज निधी आली नाही. बाबा बाल्कनीत एकटेच. मी वही-पेन घेऊन समोर बसले. म्हटलं, बाबा, मंत्री मुंबईत बोलले कोणाशी?
बाबांना खूप हसू आलं. मग म्हणाले, "अगं, ते सगळं सांगितलंय निधीला. पुन्हा तसं जमायचं नाही आता. टेपमध्ये आहे, तिच्याकडून ऐक. चांगली मुलगी आहे."

२५ मार्च, मंगळवार
ऑफिसातून निधीला फोन केला. ती म्हणाली, ऐकायला मिळेल की, पण टेप आता फेलोशिप देणाऱ्या संस्थेच्या ताब्यात, अर्ज लागतो. सॉरी यार, नियम आहे. ऑफिसच्या फॅक्सवर तिनं अर्ज पाठवला. नाव, शिक्षण, कारण, सगळं भरलं. 'मुलाखत देणाऱ्या व्यक्तीशी संबंध' या रकान्यापाशी बारा मिनिटं गेली.
'एकाच पत्त्यावर राहतो' असं लिहिलं.