फ्लेक्सिबल ट्रेकचा पक्का प्लॅन

३ मे
निवृत्तीचा तिसरा महिना. आजपासून माझ्यातला जुना हाल्वार संपला. चौतीस वर्षं लिलेहामरच्या बस-ऑफिसात टाइमटेबलं बांधली, आता कशाशीच बांधून घ्यायचं नाही. जूनमध्ये योटुनहाइमेनच्या डोंगरात हट ते हट, म्हणजे डोंगरातल्या एका मुक्कामघरापासून दुसऱ्यापर्यंत, चालायचं. आधी काही ठरवायचं नाही. आवडेल तिथे मुक्काम. हट भरलेली असली तरी कुणाला परत पाठवत नाहीत, जमिनीवर गादी टाकून देतात. म्हणजे चुकायला वावच नाही.
बायकोला, गुन्वोरला, सांगितलं. म्हणाली, फ्लेक्सिबल ते ठीक, पण स्टोरस्कार येणार ना त्यात? तिचे वडील स्टोरस्कारच्या हटचे राखणदार होते, वीस उन्हाळे. ते गेल्यापासून ती तिथे गेलेली नाही. मी नेतो नेतो म्हणून सतरा उन्हाळे घालवले, असा तिचा हिशोब. मला बाराच आठवतात. ऑगस्टमध्ये तिचा गुडघा बदलायचाय, त्यानंतर डोंगराचं काही खरं नाही म्हणे. म्हटलं, नक्की नेतो. तिनं विचारलं, नक्की म्हणजे? म्हटलं, नक्की, पण फ्लेक्सिबल.

१० मे
फ्लेक्सिबल राहायचं तर तयारी चोख हवी. एक्सेलमध्ये पाच प्लॅन केले, ए ते ई. प्रत्येकाला वेगळा रंग. गुन्वोरनं मान वाकडी करून बघितलं आणि विचारलं, यात निघायचं कधी ते कुठल्या रंगात आहे?
ते अजून भरायचंय.

१७ मे
नॉर्वेचा राष्ट्रीय दिन. मिरवणुकीला पारंपरिक पोशाखाखाली नवे ट्रेकिंगचे बूट घालून गेलो, पाय सरावावेत म्हणून. गुन्वोर अख्ख्या मिरवणुकीत दहा पावलं पुढे, मला ओळखत नसल्यासारखी. टाचेला फोड. सराव सुरू झाला म्हणायचा.

२९ मे
यंदा वर अजून कमरेएवढं बर्फ आहे. गुन्वोरचं टुमणं : डोंगर-मंडळाला फोन कर, स्कार्वा नदीवरचा पूल टाकलाय का विचार. तो पूल दर हिवाळ्याआधी उचलून ठेवतात, नाहीतर पुराबरोबर जातो, आणि बर्फ उतरलं की परत टाकतात. हे मला माहीत आहे. पण विचारत बसणं ही टाइमटेबलवाल्यांची खोड. तसं तिला सांगितलं. म्हणाली, बरं, मग नदीलाच विचार.
खोचक बोलते. तिच्या आईवर गेलीय.

८ जून
आज पंधरा किलोचं ओझं घेऊन वीस किलोमीटर चालायचं ठरलं होतं. पाऊस. ओझं घेऊन बिल्डिंगचा जिना चढलो-उतरलो. तीन फेऱ्या. चौथी उद्या.

९ जून
गुडघा धरला. माझासुद्धा. गुन्वोरला सांगितल्यावर तिनं तिच्या मलमाची ट्यूब पुढे सरकवली, जवळजवळ संपलेली.

२१ जून, लांगेवाटन हट
पहिल्या मुक्कामी पोचलो! नकाशावर तीन तास लिहिलेत, मला सहा लागले, कारण मी निसर्ग बघत होतो. जेवणाची घंटा चुकली. गार सूप आणि तपकिरी चीज.
तोर्हिल्ड आणि माग्नी नावाच्या दोघी बहिणी भेटल्या, वय बहात्तर आणि चौऱ्याहत्तर. उद्या त्याही स्टोरस्कारलाच निघाल्यात. थोरलीनं मला विचारलं, तुमची तब्येत बरी आहे ना?
इथे दारातच मोठं पुस्तक ठेवलेलं असतं. नाव, आलात कुठून, पुढे कुठे, घरी परत कधी. गुन्वोरनं चारही रकाने सुवाच्य भरले, वडिलांची शिस्त. पुढे स्टोरस्कार, घरी २७ जून. मी 'पुढे कुठे'मध्ये लिहिलं : फ्लेक्सिबल. शेवटच्या रकान्यातही तेच. राखणदार बाई म्हणाल्या, अहो, हे पुस्तक सुविचार लिहायला नाही ठेवलेलं. माणूस हरवला तर शोधायचं कुठे, ते कळावं म्हणून ठेवलंय. मी हसलो. या लोकांना मोकळेपणा म्हणजे काय तेच माहीत नाही.
मला गादी मिळाली, जेवणाच्या टेबलाखाली. गुन्वोरला खोलीत पलंग. तिनं मार्चमध्येच बुक केला होता. एकटीसाठी. म्हणजे मी हा ट्रेक ठरवला त्याच्या दोन महिने आधी! त्यावर विचार करायचा होता, पण डोळा लागला.

२२ जून, संध्याकाळी ५, परत लांगेवाटन
पूल नाही. फळ्या आणि तारा काठावर रचून ठेवलेल्या, गुरुवारी टाकणार म्हणे. तोर्हिल्ड म्हणाली, त्यात काय, तळ्याला वळसा घालून जाऊ, सात किलोमीटर बर्फातून. मी एक्सेल उघडायला फोन काढला. थंडीनं फोन बंद. प्लॅन बी आठवला तो असा : वाट बघणे. पण तेवढ्यात तिघी निघाल्यासुद्धा. मीही निघालो आणि विसाव्या पावलाला मांडीपर्यंत आत. दोघी म्हाताऱ्यांनी मला काखेत हात घालून उपसलं, पण एक बूट आतच राहिला. तो माग्नीनं कोपरापर्यंत हात घालून काढला, हसत हसत.
गुन्वोरला म्हटलं, तू हो पुढे, मी उद्या येतो. म्हणाली, स्टोरस्कारला दोन रात्री थांबते. येशील? म्हटलं, नक्की. बर्फाच्या चढावरून तिनं एकदा वळून पाहिलं. मी काठी हलवली. खरं सांगायचं तर पळत जावंसं वाटलं. पण बूट ओला होता.
योग्य वेळी मागे फिरायला लाज नाही, हा डोंगरचा नियम आहे. शाळेत शिकवतात. मी तो तंतोतंत पाळला.

२३ जून, सकाळी ८
प्लॅन ई! बर्फात कशाला जायचं? खाली दरीत उतरायचं, बसनं डोंगराला वळसा घालून पलीकडे जायचं. तिकडून स्टोरस्कार फक्त दोन तास. गुन्वोर दारात उभी असेल आणि मी उलट्या बाजूनं हजर! राखणदार बाई स्वयंपाकघरात वॉफल भाजत होत्या. उगाच त्यांना कशाला त्रास, गुपचूप निघालो. पुस्तकात बदल केला नाही. फ्लेक्सिबलमध्ये सगळंच येतं.

२३ जून, दुपारी २, बस-स्टॉप
फलक : उन्हाळी फेरी १ जुलैपासून.
हे टाइमटेबल माझं आहे. आठ वर्षांपूर्वी जूनच्या फेऱ्या मीच काढल्या. एक बाई ऑफिसात भांडायला आली होती, जूनमध्ये लोकांनी जायचं कसं म्हणून. मी तिला म्हणालो होतो, आधी नीट नियोजन करत चला.
समोर हॉटेल आहे.

२३ जून, संध्याकाळी
हॉटेलची सौना उत्तम, तासभर वाफेत बसलो. रेनडिअरचं मांस, वर बेरीचा मुरंबा. तळ्याकाठी सेंट हान्सची शेकोटी पेटवली, पण बरीच माणसं मध्येच उठून जीपमधून कुठेतरी गेली. लोकांना सण धड साजरे करता येत नाहीत. स्टोरस्कारच्या हटवर फोन आहे, पण तो तातडीसाठी. मला कसली तातडी? शिवाय वडिलांच्या जागी तिला एकांत हवाच असणार. तो मी दिला.

२४ जून
सकाळपासून हेलिकॉप्टर डोक्यावर. सौनात शांतता म्हणून नाही. रिसेप्शनवरच्या मुलीकडे तक्रार केली. म्हणाली, वर कुणीतरी हरवलंय. मी म्हटलं, असेल कुणी शहरी बावळट, नियोजन न करता डोंगरात शिरतात आणि खर्च आपल्या टॅक्समधून. तिलाही पटलं.

२५ जून
कसं लिहावं.
सौनातून टॉवेलवर बाहेर आलो तर केशरी जॅकेटातले चार स्वयंसेवक, दोन कुत्री, तोर्हिल्ड, माग्नी आणि गुन्वोर. रिसेप्शनवरच्या मुलीनं हरवलेल्याचं वर्णन ऐकून त्यांना कळवलं होतं. राखणदार बाईंना २३ला संध्याकाळी माझी गादी रिकामी दिसली. पुस्तकात फ्लेक्सिबल. बुटांचे ठसे नदीकडे गेलेले (ते २२चे होते, पण ठशांवर तारीख नसते). मग सगळ्या हटना फोन. गुन्वोर तेव्हा स्टोरस्कारला, वडिलांनी केलेल्या बाकावर बसलेली. दिवसभर तिथेच होती म्हणे, माझ्या वाटेकडे तोंड करून. वडिलांची खोली उद्या सावकाश बघू म्हणाली होती. ती राहिलीच. त्यानंतर दोन दिवस ती नदीच्या काठाकाठानं काठी घेऊन पाण्यात बघत होती.
मी म्हटलं, मागे फिरायला लाज नाही, नियमच आहे. तोर्हिल्ड म्हणाली, फिरायला नाही हो, पण सांगून फिरायला तोंड असतं की नाही माणसाला? स्वयंसेवकांचा म्होरक्या सभ्य होता. पुढच्या वेळी रकान्यात जागेचं नाव लिहा, एवढंच म्हणाला. एक कुत्रं माझा टॉवेल हुंगत बसलं.
गुन्वोर रडेल, ओरडेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, सौना गरम आहे का? म्हटलं, आहे. बरं, म्हणाली.
शोधासाठी पूल घाईनं टाकला होता. दुपारी ती त्याच पुलावरून दोघी बहिणींबरोबर परत वर गेली. माझं चॉकलेट घेऊन गेली. मी येऊ का विचारलं. ऐकू गेलं नसावं.

२८ जून, लिलेहामर
पेपरात चार ओळी : ६१ वर्षांचा बेपत्ता पुरुष हॉटेलच्या सौनात सुखरूप. नाव नाही, पण बेकरीवाल्यानं पाव देताना विचारलं, कापून देऊ की फ्लेक्सिबल?
गुन्वोरनं लिहिल्याप्रमाणे काल यायला हवं होतं. रकाना पाळला नाही. मला मात्र सगळे बोलतात.

५ जुलै
स्टोरस्कारला फोन केला. तातडीच्या फोनवर. राखणदार पोरगी म्हणाली, गुन्वोरताई आठवडाभर राहिल्या, वडिलांच्या खोलीत. बाकाला रंग दिला. परवा गेल्या. म्हटलं, पुस्तकातलं वाचून दाखव. तिनं वाचलं. नाव : तिचं एकटीचं. पुढे कुठे : पाच हटची नावं, तारखांसकट. मी विचारलं, आणि घरी परत कधी? म्हणाली, तो रकाना कोरा आहे. म्हटलं, नीट बघ, शाई फिकी असेल. तिनं पुस्तक खिडकीशी नेलं. कोराच, म्हणाली.
फोन ठेवला. बरं वाटलं. शेवटी गुन्वोरही फ्लेक्सिबल झाली. माझ्याकडून काहीतरी शिकली.
एक्सेलमध्ये नवीन पान काढलं : गुन्वोर परत. प्लॅन ए, उद्या. हिरवा रंग.
प्लॅन बी सुचेना. तासभर बसलो. घर फार मोठं वाटतं, आणि मला तिची आठवण येते. मग उठून बटाटे उकडायला टाकले, दोघांचे.